वादळापूर्वी छपराची बांधणी : कोकणातील कौलारू आणि पत्र्याच्या घरांसाठी

कोकणात घर शाकारण्याची रीत जुनी आहे. पावसाळा तोंडावर आला की कौले उतरवून झाडायची, फुटकी बदलायची, कुजलेली रीप (कौले जिच्यावर टेकतात ती आडवी लाकडी पट्टी) काढून नवी ठोकायची आणि पाखे (छपराचे उतरते भाग) पुन्हा नीट लावून घ्यायचे, हा घरोघरचा नेम असे आणि अनेक गावांत तो आजही आहे. परंतु ही सारी तयारी पाण्यासाठी असते. वाऱ्यासाठी छपराची तयारी वेगळी करावी लागते, हे ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांतील उघड्या पडलेल्या घरांनी दाखवून दिले. त्यावेळी वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. पुढच्याच वर्षी मे महिन्याच्या मध्यास तौक्ते वादळ महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर न येता समुद्रातूनच गुजरातकडे सरकले, तरीही वाटेत सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतील अनेक घरांची छपरे त्याने मोडली.

पाण्याला अडवायचे असेल तर छप्पर घट्ट झाकलेले असावे लागते. वाऱ्याला तोंड द्यायचे असेल तर ते खाली घट्ट बांधलेले असावे लागते. या लेखातील प्रत्येक सूचना या एका भेदातून निघालेली आहे.

वारा छपराला वर ओढतो

वारा भिंतीवर आदळून छपरावरून वेगाने सरकतो तेव्हा छपराच्या वरच्या बाजूस हवेचा दाब कमी होतो आणि पाखे वरच्या दिशेने ओढले जातात. त्याच वेळी एखादे दार किंवा खिडकी फुटली, तर घरात शिरलेली हवा आतून छपराला ढकलू लागते. वरून ओढ आणि आतून रेटा अशी दोन्ही बळे एकत्र आली की संपूर्ण छप्पर एकसंध उचलले जाऊ शकते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण १७ किलो वजनाइतका असतो, तर ताशी १२० किलोमीटरला तो ६८ किलोपर्यंत जातो. पाख्याचा उतार आणि आकार यांनुसार प्रत्यक्षातली ओढ कमी-अधिक होते, मात्र वळचण (भिंतीबाहेर आलेली छपराची खालची कड), आढे (पाखे जेथे मिळतात ती वरची धार), पाख्याच्या बाजूच्या कडा आणि कोपरे येथे ती नेहमीच सर्वांत जास्त असते.

आता छपराचे वजन पाहावे. मंगलोरी कौलांचे छप्पर लाकडासह चौरस मीटरला चाळीस-पन्नास किलोच्या घरात भरते, तर पातळ लोखंडी पत्रा जेमतेम पाच किलोचा असतो. म्हणजे कौलारू छप्पर काही अंशी स्वतःच्या वजनाने टिकते आणि पत्र्याचे छप्पर केवळ त्याच्या जोडांवर टिकते. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद एवढ्या पत्र्याचा भार एका आधारावर येत असेल, तर अशा वादळात त्या आधाराला सुमारे अर्धा टन ओढ खाली धरून ठेवावी लागते. जुनी कौले काढून पत्रे घालणाऱ्या घरमालकांनी हा हिशेब आधी करायला हवा, कारण वाशांवर ठोकलेले तेच जुने खिळे या ओढीला पुरे पडत नाहीत.

कामाची वेळ

अरबी समुद्रातील वादळांचे दोन हंगाम असतात : पावसाळ्यापूर्वी एप्रिल ते जून आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबर ते डिसेंबर. तौक्ते मेच्या मध्यास आले, त्यामुळे शाकारणी मेच्या अखेरीस करण्याची सवय आता सोडणे भाग आहे. कौले उतरवून पाखा मोकळा पडलेला असताना वादळाचा इशारा आला, तर दोन-तीन दिवसांत काहीच सावरता येत नाही. तपासणी मार्चमध्ये, लाकूड आणि लोखंडाचे काम एप्रिलमध्ये आणि कौलांची शेवटची मांडणी मेच्या पहिल्या आठवड्यापूर्वी असा क्रम ठेवावा. दुसरी, लहान तपासणी सप्टेंबरच्या अखेरीस करावी. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ आले तेव्हा पावसाळा संपलेला होता आणि चार महिन्यांच्या पावसाने भिजलेले लाकूड व गंजलेले खिळे तसेच राहिलेले असतात, ही बाब सहज विसरली जाते.

तपासणी घराच्या आतून सुरू करावी

पहिल्याच दिवशी छपरावर चढू नये. माळ्यावर किंवा शिडीवर उभे राहून, बॅटरीच्या उजेडात वासे आणि रिपा आतून पाहाव्यात. टोकदार स्क्रू-ड्रायव्हर लाकडात दाबून पाहावा. तो सहज आत शिरला तर ते लाकूड बदलण्याजोगे आहे. सर्वांत आधी वाशाचे भिंतीवर टेकलेले टोक तपासावे, कारण वळचणीची गळती तेथेच झिरपते आणि वाळवीही भिंतीतून तेथेच चढते. वाशाखाली पिवळसर भुसा पडलेला दिसला तर भुंग्याने आत पोखरलेले असते. बाहेरून असा वासा धडधाकट वाटतो, म्हणून हातोडीने हलके ठोकून आवाज ऐकावा. पोकळ आवाज देणारा वासा ठेवू नये.

समुद्रापासून जवळ असलेल्या घरांत लोखंडाची तपासणी लाकडाइतकीच महत्त्वाची ठरते. खाऱ्या हवेत खिळ्याचे डोके शाबूत दिसते आणि लाकडातला भाग गंजून बारीक झालेला असतो. नमुन्यादाखल वेगवेगळ्या ठिकाणचे चार-पाच खिळे उपटून पाहावेत. ते सहज निघाले, तर एकेक खिळा बदलत बसण्यापेक्षा सगळे जोड नव्याने करण्याचा निर्णय तेव्हाच घ्यावा. तपासणी करताना प्रत्येक पाख्याचे आतून व बाहेरून फोटो तारखेसह काढून ठेवावेत. पुढे पंचनाम्याच्या वेळी ते उपयोगी पडतात.

पत्र्यापासून पायापर्यंतची साखळी

वाऱ्याची ओढ कौलाकडून रिपेकडे, रिपेकडून वाशाकडे, वाशाकडून भिंतीवरच्या आडव्या लाकडाकडे, तेथून भिंतीकडे आणि शेवटी पायाकडे जाते. यातला एक जोड कच्चा असेल तर बाकीचे कितीही पक्के असले तरी उपयोग नसतो. अनेक घरांत पत्रा रिपेला चांगला आवळलेला असतो आणि रीप मात्र वाशाला एकाच खिळ्याने धरलेली असते. अशा ठिकाणी वारा पत्रा रिपेसकट नेतो. सुताराला काम सांगताना 'छप्पर दुरुस्त करा' असे मोघम न सांगता या साखळीतला प्रत्येक जोड स्वतंत्रपणे दाखवून तो कसा बांधायचा हे ठरवावे.

रीप आणि वासा यांचा जोड सरळ खिळ्यावर सोडू नये. वरून सरळ ठोकलेला खिळा वरच्याच दिशेने ओढला गेला तर केवळ लाकडाच्या घर्षणावर टिकतो, आणि लाकूड वाळले की ते घर्षण कमी होते. कडांच्या आणि आढ्याजवळच्या रिपा स्क्रूने किंवा आरपार बोल्टने धराव्यात. मधल्या भागात निदान दोन खिळे एकमेकांकडे तिरके ठोकावेत.

वासा आणि त्याखालचे आडवे लाकूड यांचा जोड हा सर्वांत महत्त्वाचा जोड आहे, आणि नेमका तोच बहुतेक घरांत दुर्लक्षित असतो. जुन्या बांधणीत वासा खाच करून आडव्या लाकडावर बसवतात व वरून एक मोठा खिळा ठोकतात. वजन खाली पेलण्यासाठी ही पद्धत उत्तम आहे, पण वर उचलणाऱ्या बळाला ती फारसा विरोध करत नाही. यावर सोपा उपाय जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाच्या, पट्टीचा आहे. सव्वा इंच रुंद आणि दीड-दोन मिलिमीटर जाडीची पट्टी वाशावरून पलीकडे घ्यावी, तिची दोन्ही टोके आडव्या लाकडाच्या बाजूंवर खाली उतरवावीत आणि प्रत्येक टोकाला बाजूने किमान चार स्क्रू मारावेत. बाजूने मारलेल्या स्क्रूवर ओढ आडवी येते, त्यामुळे तो उपटून निघत नाही. ही पट्टी प्रत्येक वाशाला हवी, एकाआड एक नव्हे. आढ्यावर समोरासमोरचे वासे जेथे मिळतात तेथेही तशीच पट्टी वरून टाकून दोन्ही वाशांना जखडावी. समुद्रकाठी साधी काळी लोखंडी पट्टी वापरू नये. ती दोन-तीन पावसाळ्यांत खाऊन जाते.

यानंतर आडवे लाकूड आणि भिंत. चिऱ्याच्या घरांत हे लाकूड बहुधा भिंतीवर नुसते टेकलेले असते. नवे बांधकाम असेल तर भिंतीच्या डोक्यावर काँक्रीटचा सलग पट्टा ओतून त्यातून १२ मिलिमीटरचे बोल्ट तीन-चार फुटांवर वर काढावेत आणि लाकूड त्यांना नटने आवळावे. पट्टा शक्य नसेल तर बोल्टची सळई चिऱ्याच्या निदान तीन-चार थरांतून खाली नेऊन तिचे टोक वळवून गाडावे. वरच्या एकाच थरात गाडलेला बोल्ट तो थरच उचलून नेतो, कारण ओढीला विरोध करायला त्याच्यावर भिंतीचे पुरेसे वजन नसते. जुन्या घरात भिंत न फोडता करायचे असेल तर आतल्या बाजूने उभी लोखंडी पट्टी लाकडाला बोल्टने जोडून दोन-अडीच फूट खाली आणावी आणि भिंतीतून आरपार बोल्ट घालून दोन्ही बाजूंना मोठ्या चौकोनी वायसरने आवळावी. माती निघालेले किंवा चुना सुटलेले सांधे आधी भरून घ्यावेत.

ज्या घरांची बाजूची भिंत त्रिकोणी उंच जाते, तेथे तो त्रिकोण वाऱ्याला एकटा सामोरा जातो. त्याला आतून आढ्याशी व वाशांशी बांधावे, आणि लागोपाठच्या कैच्यांमध्ये (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांमध्ये) तिरके आधार द्यावेत. चौपाखी छपराला असा त्रिकोण नसतो आणि सर्व बाजूंनी उतार असल्याने त्यावर वाऱ्याची ओढही तुलनेने कमी राहते. नवे घर बांधणाऱ्याने छपराचा आकार ठरवताना हे अवश्य ध्यानात घ्यावे. उतार २२ ते ३० अंशांच्या दरम्यान असलेला चांगला, कारण फार सपाट पाख्यावर ओढ वाढते.

कौलांचे काम

सगळी कौले सिमेंटने चिकटवण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. तो पाळू नये. छपराचे वजन वाढते, उन्हात तडे जातात, एक कौल बदलताना चार फुटतात आणि शाकारणी कायमची थांबते. ओढ जेथे जास्त असते तेथेच पक्के काम करावे : आढे, वळचणीच्या दोन ओळी, बाजूच्या कडांच्या दोन-तीन रांगा आणि कोपरे. अनेक मंगलोरी कौलांच्या खालच्या अंगाला तार ओवण्यासाठी भोक असलेला उंचवटा असतो. त्यातून जस्ताची तार ओवून ती रिपेला पिळून बांधावी. भोक नसेल तर कडेला बारीक ड्रिलने ते पाडता येते; ड्रिल ठोक्याविना फिरवावे, नाहीतर कौल तडकते. मधल्या भागातही दर तिसरी-चौथी रांग तारेने बांधली तर एक कौल उडून त्यामागे पाखाच सुटण्याचा धोका घटतो.

आढ्यावरची कौले चुना-सिमेंटच्या मसाल्यात बसवलेली असतात. जुना मसाला सुटला असेल तर तो पूर्ण खरवडून, आतली धूळ धुऊन, मग नवा भरावा; जुन्यावर नवा थर चढवल्यास तो एका हंगामात निघतो. कडांच्या पट्ट्यांवर मसाला घालायचा झाल्यास त्यात कोंबडीजाळी दाबावी आणि दर चार-पाच फुटांवर फट सोडावी. नळ्याची जुनी कौले अशा प्रकारे बांधता येत नाहीत. ती असलेल्या घरांनी वादळापूर्वी छपरावर जाळी टाकण्याची तयारी ठेवावी. तिची पद्धत पुढे दिली आहे. दर वर्षी पन्नासएक कौले जास्तीची घेऊन घरात ठेवावीत, कारण वादळानंतर त्याच मापाची कौले मिळवणे कठीण होते.

पत्र्यांचे काम

पत्र्याचे छप्पर असेल तर स्क्रूंची संख्या वाढवणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी उपाय आहे. वळचणीच्या, आढ्याच्या आणि बाजूंच्या कडांना प्रत्येक दुसऱ्या नळीवर (पत्र्याच्या लाटेवर) एक जोड असावा. मधल्या भागात तिसऱ्या नळीवर चालतो. जोड नळीच्या उंच भागावर घ्यावा, म्हणजे पाणी साचत नाही. इंग्रजी J अक्षराच्या आकाराचा हुक ओढ आल्यावर सरळ होऊन सुटू शकतो, म्हणून लोखंडी पाइपावर पत्रा धरताना शक्य तेथे U आकाराचा बोल्ट वापरावा. प्रत्येक बोल्टखाली मोठा लोखंडी वायसर आणि त्याखाली रबराचा किंवा डांबरी वायसर हवा. पत्रा फाटून बोल्ट जागेवरच राहिलेला दिसतो, तो बहुतेक वेळा वायसर लहान असल्यामुळे. आवळताना रबर किंचित दबेल इतकेच आवळावे.

कडांजवळ आधारांमधले अंतर कमी करणे आवश्यक आहे. मध्यभागी चार फुटांवर आधार असेल तर वळचण व आढ्यापाशी तो दोन-अडीच फुटांवर आणावा. एका पत्र्यावर दुसऱ्या पत्र्याचा बाजूचा चढाव दीड नळीचा आणि उताराच्या दिशेचा सहा इंचांचा असावा. सिमेंटचा पत्रा ठिसूळ असतो. त्यावर थेट पाय ठेवल्याने माणूस आरपार पडतो, आणि अशा अपघातांत जीव गेलेले आहेत. दोन आधारांवर टेकणारी रुंद फळी टाकल्याशिवाय त्यावर जाऊ नये. भोक पाडताना पाणी मारावे व नाकातोंडावर फडके बांधावे, कारण अशा पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.

पडवी, गच्चीवरची शेड आणि वरचे सामान

कोकणच्या पावसामुळे वळचण लांब ठेवावी लागते, पण दीड-दोन फुटांहून जास्त पुढे आलेली वळचण वाऱ्याला खालून धरायला जागा देते. ती कापायची नसेल तर खालून भिंतीला तिरके आधार बोल्टने जोडावेत. पडवीचे छप्पर मुख्य छपराच्या वाशांवरच पुढे वाढवलेले असेल, तर पडवी उचलली की मुख्य पाखाही उचलला जातो. पडवीला स्वतःचे खांब, स्वतःचे आडवे लाकूड आणि स्वतंत्र जोड द्यावेत, म्हणजे ती गेली तरी घर झाकलेले राहील.

स्लॅबच्या घरांना छपराची चिंता नसते असा समज आहे. परंतु गच्चीवर गळती थांबवण्यासाठी घातलेली पत्र्याची शेड चारही बाजूंनी उघडी असते आणि वारा तिच्या पोटात शिरतो. तिचे खांब कठड्याच्या विटांत गाडलेले असतील तर ते काढून स्लॅबखालच्या तुळईच्या रेषेत, चार-चार अँकर बोल्टने बसवावेत. सौर पाणीतापक, डिश आणि पाण्याच्या टाक्या यांचेही जोड पाहावेत. इशारा मिळाल्यावर टाकी काठोकाठ भरावी. हजार लिटरची भरलेली टाकी एक टन वजनाची होते, रिकामी टाकी वारा सहज लोटतो.

छपरावर लोंबणाऱ्या आंबा-फणसाच्या फांद्या एप्रिलमध्येच छाटाव्यात. माडांवरच्या सुक्या झावळ्या आणि तयार नारळ मेपूर्वी उतरवून घ्यावेत.

शेवटचे तीन दिवस

भारतीय हवामान विभाग चक्रीवादळाची पूर्वसूचना साधारण ७२ तास आधी, सावधगिरीचा इशारा ४८ तास आधी आणि वादळाचा इशारा २४ तास आधी देतो. ७२ तासांच्या सूचनेपासून कामे मोजून घ्यावीत. पहिल्या दिवशी सुटलेले स्क्रू आवळणे, पन्हळी साफ करणे, अंगणातली फळकुटे, पत्र्याचे तुकडे व कुंड्या आत घेणे ही कामे करावीत. दुसऱ्या दिवशी छपरावर जाळी किंवा दोर टाकावेत. मासेमारीची जुनी नायलॉनची जाळी पूर्ण पाख्यावर पसरून तिच्या कडा जाड दोराने आढ्याच्या दोन्ही अंगांना खाली ओढून जमिनीत खोल गाडलेल्या खुंट्यांना किंवा पायाच्या कड्यांना बांधाव्यात. दोर झाडाला बांधू नये. झाड हलले की दोर छप्पर उपटतो. पडवीच्या खांबालाही बांधू नये.

पत्र्यावर सुटे दगड ठेवणे अत्यंत धोकादायक आहे. वजनच ठेवायचे असेल तर वाळूच्या गोण्या दोन-दोन करून दोराने जोडाव्यात आणि आढ्यावरून दोन्ही बाजूंना लोंबू द्याव्यात. शेवटच्या २४ तासांत कोणीही छपरावर चढू नये. दारे-खिडक्या सर्व बाजूंनी बंद कराव्यात आणि मोठ्या दाराला आतून आडवा अडसर लावावा. वारा मावळण्यासाठी एखादी खिडकी उघडी ठेवावी हा समज चुकीचा आहे. त्याने आतला रेटा वाढतो.

कच्च्या छपराच्या घरात वादळ काढू नये, त्यातही वृद्ध व मुलांना आधीच स्लॅबच्या इमारतीत किंवा निवारा केंद्रात हलवावे. वादळाचा डोळा गावावरून गेला तर मध्येच वारा पडतो आणि काही वेळाने उलट दिशेने तितक्याच जोराने येतो. त्या शांततेत छप्पर पाहायला बाहेर पडू नये.

वादळ ओसरल्यावर

वीज बंद आहे याची खात्री झाल्याशिवाय ओल्या भिंतीला, तारेला किंवा लोंबणाऱ्या पत्र्याला हात लावू नये. साफसफाईपूर्वी सर्व नुकसानीचे फोटो काढावेत आणि तलाठ्याकडे (आताचे ग्राम महसूल अधिकारी) पंचनाम्यासाठी कळवावे. घरपट्टीची पावती व आधीचे फोटो जवळ ठेवावेत. उघड्या भागावर ताडपत्री टाकताना ती दगडांनी न दाबता लाकडी पट्ट्यांखाली धरून वाशांना स्क्रूने आवळावी आणि आढ्याच्या पलीकडे निदान तीन फूट न्यावी. शिल्लक राहिलेल्या पाख्याचे जोडही याच वेळी एकेक करून तपासावेत, कारण वाऱ्याने अर्धवट उपटलेले खिळे खालून दिसत नाहीत. वाशाभोवती हात फिरवून आडव्या लाकडापासून तो किंचित वर उचलला गेला आहे का ते पाहावे. फट सापडली तर वासा खाली बसवून तेथे नवी पट्टी लावावी आणि मगच वर कौले चढवावीत.